शंकारावांची वायर

नवीन वायर दुकानातून सीलबंद पाकिटात आली तरी शंकाराव ती दोनदा तपासत. आधी या टोकाकडून, मग त्या टोकाकडून. टेस्टरवरचे आठही दिवे ओळीने लागले की दुसरा कुणीही वायर गुंडाळून कामाला लागला असता. शंकाराव ती उलटी करत आणि पुन्हा पहिल्या दिव्यापासून सुरू करत. मी नवीन असताना एकदा विचारलं, "काका, एका बाजूने बरोबर आली म्हणजे दुसऱ्या बाजूनेही बरोबरच असणार ना?" त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "असणार म्हणजे काय मॅडम? बघितलं का तुमी?"

त्यांचं खरं नाव शंकरराव. मधला 'र' गाळून 'क'ला काना हॉटेलात कुणी दिला ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. मी चाकणला त्या हॉटेलात रिसेप्शनवर लागले तेव्हा सगळे त्यांना शंकाराव म्हणत होते. तोंडावर अर्थातच नाही. पण त्यांना ते माहीत असावं, कारण कुणी 'शंकरराव' अशी हाक मारली की ते मधला 'र' नीट उच्चारला गेला का, ते ऐकल्यासारखे क्षणभर थांबत आणि मगच 'ओ' देत.

आमचं हॉटेल तळेगाव रस्त्यावर, कारखान्यांच्या कुंपणांना लागून. तिथे फिरायला कुणी येत नाही. येतात ते नव्या प्लांटमध्ये मशीन बसवायला आलेले इंजिनिअर, आणि राहतात दोन-दोन, तीन-तीन महिने. दिवसभर कंपनीत, संध्याकाळी खोलीत बसून आपल्या देशातल्या ऑफिसशी बोलणं, तिकडून मोठमोठी ड्रॉइंग उतरवून घेणं, इकडचे फोटो पाठवणं. त्यासाठी आमच्या प्रत्येक खोलीत टेबलाशेजारी भिंतीत इंटरनेटचा पोर्ट होता आणि खणात निळी वायर. वायफायही होतं, पण कितीतरी कंपन्यांचा आपल्या माणसांना हुकूमच असे, की वायर असेल त्याच हॉटेलात उतरायचं. त्या सगळ्या वायरी भिंतींमधून, छतांमधून तळमजल्यावरच्या एका खोलीत येत. ती शंकारावांची खोली. तिथे कपाटाएवढ्या रॅकमध्ये प्रत्येक खोलीचा एक-एक हिरवा दिवा लुकलुकत असे, आणि समोर स्टुलावर बसून शंकाराव त्या दिव्यांकडे पाहत असत. शेतात राखणीला बसलेला माणूस पाखरांकडे पाहतो, तसे.

वायफायचं नाव काढलं की त्यांचा चेहरा कडू होई. "हवेतलं इंटरनेट म्हंजी गावजेवण. कोण जेवून गेलं, कळत न्हाई. वायर कशी, ह्या टोकाला पाव्हणा, त्या टोकाला मी. मधी कुणी आला तर दिसतोय." हे ते पाहुण्यांनाही सांगत, स्वतःच्या इंग्रजीत. "वायर गुड. एअर, नो गॅरंटी."

ते चाकणजवळच्याच एका वाडीतले, जुन्या शेतकरी घराण्यातले. आधी बरीच वर्षं टेलिफोन खात्यात लाइनमन होते. खांबावर चढून जोड तपासायचा तर कानाला रिसीव्हर लावून पाहावं लागे, आणि त्या दोन-चार क्षणांत पंचक्रोशीची बोलणी कानावर पडत. "समोर गोड बोलणारी माणसं पाठीमागं काय बोलत्यात, त्ये लई ऐकलंय मी," ते एकदा म्हणाले. "ऐकायचं म्हणून न्हाई, पर कान काय बंद करता येतोय? तवापासून माणसाचं तोंड बघून मला काय बी समजत न्हाई." आपल्या संशयी स्वभावाबद्दल त्यांनी दिलेलं हे एकमेव स्पष्टीकरण. तेही मी विचारलं नव्हतं.

माझीही त्यांनी पहिल्याच दिवशी तपासणी केली होती. गाव कोणतं, चिखलीत कधी आलात, वडील काय करत होते, घरात अजून कोण. मी सगळं सांगितलं. आम्ही मूळचे लातूरकडचे, वडील एका शेडमध्ये लेथ मशीन चालवायचे, आता मोठा भाऊ नितीनदादा चिखलीत स्वतःचं छोटं वर्कशॉप चालवतो. "काय बनवतो?" "फिक्स्चर. मशीनवर काम करताना पार्ट पकडून ठेवतात ना, ती पकड." शंकारावांनी शर्टाच्या आतल्या खिशातून एक वही काढली, त्यात काहीतरी लिहिलं आणि निघून गेले. माझ्या भावाचा धंदा यांनी वहीत का लिहावा, हे मला कळेना. त्या दिवसापासून माझंही त्यांच्यावर लक्ष राहू लागलं.

त्या वहीत ते दिवसभर काहीबाही लिहीत. कोणत्या खोलीची लाइन कधी गेली, कधी आली, पाहुणा खोलीत होता की नव्हता. वही कुणाला दाखवत नसत. जेवायला बसले तरी ती मांडीखाली असे. हाउसकीपिंगच्या बायका म्हणायच्या की शंकाराव पाहुण्यांचं सगळं वाचतात, कोण घरी काय बोलतो ते त्यांना रॅकवर दिसतं. मी हसण्यावारी नेत असे, पण पूर्ण हसूही येत नसे.

आणि तरी कामाला त्यांच्या तोडीचा माणूस नव्हता. एका सकाळी दुसऱ्या मजल्यावरचे एक जपानी इंजिनिअर घाईघाईने खाली आले. कंपनीत मशीनची लाइन बंद पडून उभी होती, जपानहून एक प्रोग्रॅम यायचा होता आणि खोलीतलं इंटरनेट मेलं होतं. शंकारावांनी पोर्ट पाहिला, वायर बदलली, दोन्ही ठीक. मग त्यांनी चपला काढल्या आणि कॉरिडॉरमधून अनवाणी, एक-एक पाऊल दाबत चालत गेले. एका जागी थांबले, गालिचा उचलला. आदल्या दिवशी सुतारांनी पट्टी ठोकताना मारलेला खिळा सरळ वायरीतून गेला होता. अर्ध्या तासात लाइन सुरू झाली. त्या इंजिनिअरनी वाकून आभार मानले आणि जाताना त्यांना चहाच्या पानांचा एक सुंदर डबा दिला. तो डबा वर्षभर रॅकच्या खोलीत तसाच बंद पडून होता. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "आपलं काम केलं तर त्यानं डबा कशापायी द्यावा? थांबा जरा. कारण कळंल."

आता तीनशे बारा नंबरच्या खोलीबद्दल.

एका मोठ्या कंपनीची चार माणसं चेन्नईहून येऊन तिसऱ्या मजल्यावर राहिली होती. नव्या प्लांटसाठी इथले पुरवठादार निवडायचे होते. त्यांचे प्रमुख रघुनाथन साहेब, मऊ बोलणारे, पांढऱ्या केसांचे गृहस्थ. तीनशे बारा ही खोली त्यांनी ऑफिससाठी घेतली. चौघांचे लॅपटॉप तिथे वायरने जोडलेले, आणि आसपासच्या वर्कशॉपांची ड्रॉइंग तिथेच जमा होत.

इथे मला माझी चूक सांगितली पाहिजे. ही मंडळी कशासाठी येणार आहेत ते बुकिंग घेतानाच मला कळलं होतं, आणि मी ते घरी नितीनदादाला सांगितलं. पाहुण्यांच्या कामाबद्दल बाहेर बोलायचं नाही, हा हॉटेलचा पहिला नियम. पण दादा एका नव्या पकडीवर बरेच महिने डोकं खपवत होता. एकाच दांड्याने पार्ट तिन्ही बाजूंनी धरणारी पकड. वर्कशॉप लहान असल्याने त्याला कुणी दारात उभं करत नव्हतं. मी सांगितल्यावर त्याने ड्रॉइंग पाठवलं, त्याला भेटायला बोलावलं गेलं, आणि रघुनाथन साहेबांना ती कल्पना आवडली. तो माझा भाऊ आहे हे मी हॉटेलात कुणालाही सांगितलं नाही.

दहा-बारा दिवसांनी एका दुपारी दादाचा फोन आला. मी सर्व्हिस जिन्यात जाऊन घेतला. दुसऱ्या एका मोठ्या पुरवठादाराने अगदी तशीच पकड सादर केली होती, आणि काम त्याला मिळण्याची चिन्हं होती. दादा चिडला नव्हता. अगदी सपाट आवाजात तो म्हणाला, "माझंच काहीतरी चुकलं असंल गं. त्यांनाबी सुचलं असंल." त्या आवाजाने मला रडू आलं. मी पायरीवर बसून रडत होते, तेवढ्यात खालून शंकाराव वर आले. थांबले. माझ्याकडे पाहिलं, हातातल्या फोनकडे पाहिलं. मग वर चढले. पुढच्या वळणावर गेल्यावर त्यांनी वहीचं पान उलटल्याचा आवाज मला ऐकू आला.

त्यानंतर दोनच दिवसांनी, पाहुणे जेवायला खाली आलेले असताना, मी एक कुरिअर ठेवायला तीनशे बारात गेले. दार लोटलेलं होतं. आत शंकाराव टेबलाशेजारी गुडघ्यावर बसलेले, भिंतीवरच्या पोर्टचा डबा उघडा, आणि शेजारी ती वही. मला पाहताच त्यांनी वही मिटली. "जेवायच्या वेळेला काय करताय काका?" मी विचारलं. "तपासतोय," ते म्हणाले. "काय?" "कळलं की सांगीन." मी कुरिअर ठेवून निघाले, पण जिना उतरताना माझ्या डोक्यात सगळं जुळत गेलं. वही, खोल्यांत फिरणं, दादाच्या धंद्याची पहिल्या दिवशीची चौकशी.

आठवडा संपायच्या आत रघुनाथन साहेब आमच्या मॅनेजरच्या, दळवी सरांच्या केबिनमध्ये बसले. त्यांनी दादाचं आणि त्या मोठ्या पुरवठादाराचं अशी दोन्ही ड्रॉइंग शेजारी-शेजारी ठेवून पाहिली होती. पहिल्या ड्रॉइंगमध्ये एका भोकाचं माप चुकलेलं होतं, आणि दुसऱ्यातही नेमकं तेच भोक तितकंच चुकलेलं होतं. सुचणं दोघांना सारखं सुचेल, चुकणं इतकं सारखं कसं चुकेल? ड्रॉइंग चोरलं गेलं होतं, आणि साहेबांच्या म्हणण्याप्रमाणे ते वर्कशॉपबाहेर तीनशे बाराशिवाय कुठेही नव्हतं.

दळवी सरांनी तिसऱ्या मजल्याशी संबंध असलेल्या प्रत्येकाकडून लेखी मागितलं. काय पाहिलं, कुणावर संशय. मी केबिनबाहेरच्या खुर्चीवर बसून लिहिलं. शंकरराव पाहुणे नसताना खोलीत होते. पोर्टचा डबा उघडा होता. ते वहीत नोंदी करतात आणि वही कुणाला दाखवत नाहीत. मी विचारल्यावर त्यांनी नीट उत्तर दिलं नाही. माझा संशय त्यांच्यावर आहे. एकही शब्द खोटा नव्हता. पण ज्याचं ड्रॉइंग चोरीला गेलं तो माझा भाऊ आहे, आणि त्याला ही खबर मीच दिली होती, हे मी लिहिलं नाही. सगळ्यांचे डोळे शंकारावांकडे वळले तर माझ्याकडे कुणी पाहणार नाही, असं मनात कुठेतरी होतं. ते आज लिहिताना बरं वाटत नाही.

दुपारी शंकारावांना बोलावलं. ते बराच वेळ आत होते. बाहेर आले तेव्हा चेहऱ्यावर काही नव्हतं. पाठोपाठ दळवी सर आणि रघुनाथन साहेब, आणि सरांनी मलाही खूण केली. आम्ही तीनशे बारात गेलो. शंकाराव म्हणाले, "ह्या टेबलामागची फळी काढायची." दळवी सर वैतागले. फर्निचर नवीन होतं. "पोर्ट तर तुम्ही उघडून पाहिलात ना, काही नव्हतं म्हणता." "पोर्टात न्हवतं. म्हणून तर म्हणतोय फळी काढा." मग ते रघुनाथन साहेबांकडे वळले आणि मराठीतच सावकाश सांगू लागले. सर त्याचं इंग्रजी करत होते. जेवणाच्या वेळी चारही लॅपटॉप बंद असतात, तरी रॅकवर तीनशे बाराचा दिवा लुकलुकतो. सहा दिवस त्यांनी पाहिलं होतं. "खोलीत कुणी न्हाई. मंग बोलतंय कोण?"

फळी काढली. मागे, भिंतीतून आलेली वायर आणि पोर्ट यांच्या मधोमध, काडेपेटीपेक्षा थोडी मोठी काळी डबी चिकटपट्टीने लावलेली होती. तारेतून जे जाईल त्याची एक प्रत काढून बाहेर पाठवणारी. रघुनाथन साहेब तिच्याकडे पाहतच राहिले. दळवी सरांनी विचारलं, "सहा दिवस माहीत होतं, तर मला का नाही सांगितलंत?" शंकाराव शांतपणे म्हणाले, "तुमीच लावली असती तर?"

ती लावली कुणी, हा प्रश्न उरला. संध्याकाळी रिसेप्शनवर गर्दी नव्हती तेव्हा शंकाराव माझ्यासमोर येऊन उभे राहिले. त्यांनी वही काउंटरवर ठेवली, पहिल्यांदाच, आणि एका ओळीवर बोट ठेवलं. दोन आठवड्यांपूर्वीचा मंगळवार, अकरा वाजून दहा मिनिटं ते अकरा सोळा, तीनशे बाराची लाइन मेली, मग आपोआप जिवंत. "आपोआप काय बी जिवंत होत न्हाई," ते म्हणाले. "त्या मंगळवारी अकराला किल्ली कुणाला दिली व्हती?"

मी रजिस्टर उघडलं. नोंद नव्हती. आणि मग मला आठवलं. टीव्ही दुरुस्त करायला बाहेरच्या ठेकेदाराकडून एक माणूस येत असे, सचिन नावाचा. चिखलीचाच, आमच्या घराच्या पलीकडच्या गल्लीतला. 'ताई' म्हणायचा, आईच्या गुडघ्याची चौकशी करायचा. त्या मंगळवारी तो म्हणाला, तीनशे बाराचा टीव्ही पाहून येतो, आणि मी त्याला मास्टर की दिली. सही करायला लावायची मला लाज वाटली होती. रोजचा माणूस.

"वळखीचा व्हता?" शंकारावांनी विचारलं.

"हो."

"किती वळखीचा?"

मी रजिस्टर मिटलं. ते वही खिशात ठेवत म्हणाले, "पोरी, आत जाऊन तूच सांग. तू सांगितलंस तर ती चूक. मी सांगितलं तर तुझी चोरी म्हणतील." एवढे दिवस मी मॅडम होते. त्या संध्याकाळी पहिल्यांदा पोरी झाले.

मी आत जाऊन सांगितलं. किल्लीचं सांगितलं, दादाचंही सांगितलं. मला लेखी समज मिळाली, नोकरी राहिली. पोलिसांत तक्रार गेली. सचिनने कबूल केलं की त्या मोठ्या पुरवठादाराच्या माणसानेच ती डबी देऊन त्याला पाठवलं होतं. त्या पुरवठादाराचं नाव यादीतून गेलं. रघुनाथन साहेब स्वतः दादाच्या शेडमध्ये आले, त्या चुकलेल्या भोकाशेजारी पेनाने खूण केली आणि हसून म्हणाले, हीच तुझी सही. दादाला सगळं नाही, पण त्या पकडीचं काम मिळालं.

वाईट झालं ते शंकारावांचं. एवढा प्रकार घडल्यावर हॉटेलच्या मालकांनी इंटरनेटची सगळी व्यवस्था एका बाहेरच्या कंपनीकडे दिली. नवा रॅक आला, त्याचे दिवे मारुंजीच्या एका ऑफिसात बसलेली मुलं स्क्रीनवर पाहणार होती. ज्या माणसाने डबी शोधली त्याला कुणी घालवलं नाही. फक्त करायला काही ठेवलं नाही. लॉन्ड्रीची मोजदाद बघा म्हणाले. आठ दिवस त्यांनी चादरींकडे संशयाने पाहिलं आणि नवव्या दिवशी राजीनामा दिला. जाण्यापूर्वी त्यांनी प्रत्येक मजल्यावर फिरून प्रत्येक पोर्टखाली स्वतःच्या अक्षरात खोलीचा नंबर चिकटवला. नव्या कंपनीच्या मुलांनी सांगितलं की आमच्याकडे सगळं कॉम्प्युटरवर आहे. "असंल," शंकाराव म्हणाले आणि पुढचा नंबर लिहू लागले. फाटकापर्यंत मी त्यांच्याबरोबर गेले. मला त्यांची माफी मागायची होती. पण मी काय लिहून दिलं होतं हे त्यांना माहीत नसेल तर उगाच दुखावतील, असं मी स्वतःला समजावलं आणि "काळजी घ्या काका" एवढंच म्हटलं.

मधे काही वर्षं गेली. दळवी सर दुसरीकडे गेले, मी फ्रंट ऑफिसची मॅनेजर झाले. मागच्या वर्षी केबिनचं नूतनीकरण निघालं तेव्हा जुनी कपाटं रिकामी करताना ती फाइल माझ्या हाती आली. वर माझा कागद होता. माझंच अक्षर, पण परक्यासारखं वाटलं. त्याच्याखाली, त्याच टाचणीला, शंकारावांचा कागद. मोठ्या, सुट्या अक्षरांत चारच ओळी होत्या.

'माझ्याबद्दल जे लिहिले आहे ते मी वाचले. ते बरोबर आहे. डबा मी उघडला होता. लिहिणाऱ्या मुलीवर माझा संशय नाही.'

मी तो कागद किती वेळा वाचला ते सांगता येणार नाही. म्हणजे त्यांना माझा कागद दाखवला गेला होता. तो वाचून त्यांनी हे लिहिलं, मग फळी काढायला लावली, मग संध्याकाळी माझ्याकडे आले. आणि फाटकापाशी मी त्यांना काळजी घ्या म्हणाले होते.

सुट्टीच्या दिवशी मी स्कूटर काढून त्यांच्या वाडीला गेले. त्यानंतरच्या हिवाळ्यात ते वारले, त्यामुळे ती भेट शेवटचीच ठरली. त्या दिवशी मात्र तसं काही मनात नव्हतं. जुन्या घराच्या जागी दोन मजली इमारत झाली होती, वरच्या खोल्यांत कंपनीतली मुलं भाड्याने राहत होती. शंकाराव खाली दारात खुर्ची टाकून बसले होते. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता.

"कोण?"

"सुवर्णा. हॉटेलातली."

"आवाज तर त्योच हाय," ते म्हणाले. "कुणी पाठवलं?"

"कुणी नाही काका. माझी मी आले."

"हां. बस."

मी बसले आणि सगळं एका दमात बोलून टाकलं. फाइल सापडल्याचं, माझ्या कागदाचं, तो मी का लिहिला त्याचं. दादाचं नाव लपवायला मी त्यांचं नाव पुढे केलं, हेही. ते मान किंचित वाकडी करून ऐकत होते.

"भावाचं मला ठावं व्हतं," ते म्हणाले. "पयल्याच दिवशी तू सांगितलं व्हतंस. फिक्स्चर. जिन्यात रडताना दिसलीस, आन दोन-चार दिसांनी कळलं फिक्स्चरचं ड्रॉइंग गेलं. मंग काय अवघड हाय? तू चोर असतीस तर भावाचं तेवढं तरी वाचवलं असतंस."

"मग तुम्ही सरांना का नाही सांगितलंत?"

"मला इचारलं व्हतं, संशय कुणावर. भाऊ कुणाचा कोण, ते इचारलं न्हवतं."

"पण मी तुमच्याबद्दल तसं लिहिलं."

"काय खोटं लिहिलंस?" त्यांनी विचारलं. "वाचला मी तुझा कागद. सर म्हणाले, बघा काय लिहिलंय पोरीनं. मी म्हणलं, बरोबर लिहिलंय. माझं वाईट करायचं असतं तर लोकं बोलत्यात ते समदं घातलं असतंस त्यात. बायका काय काय बोलायच्या, मला म्हाईत न्हाई व्हय? जेवढं बघितलं तेवढंच लिहिलंस. दुसऱ्या कुणी एवढं नीट लिहिलं न्हवतं."

वरच्या मजल्यावरून कुणीतरी शिफ्टला निघालं, मोटारसायकल सुरू झाली. शंकारावांनी ती फाटकातून बाहेर पडेपर्यंत कान लावून ऐकली. मग त्यांनी बंडीच्या खिशातून एक घडी केलेला कागद काढून माझ्याकडे धरला.

"डोळ्याचं ऑपरेशन हाय परवा. दवाखान्यानं फॉर्म दिलाय, सही करायला. वाच."

मी वाचला. पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत, बारीक अक्षरातलंही. काय काय होऊ शकतं, दृष्टी किती येईल, आणि मला हे सर्व समजावून सांगण्यात आले आहे. मधे त्यांनी दोनदा थांबवून अर्थ विचारला. वाचून झाल्यावर त्यांनी खुर्ची माझ्या बाजूला वळवली.

"तुला काय वाटतं? करू का?"

"करा काका. काही धोका दिसत नाही."

"कुठं करायची सही?"

मी दाराशेजारचा पाट त्यांच्या मांडीवर घेऊन त्यावर कागद ठेवला, पेन त्यांच्या हातात दिलं आणि ओळीच्या सुरुवातीला माझं बोट टेकवलं. त्यांनी डाव्या हाताने माझं बोट चाचपलं, त्याच्याशेजारी पेन ठेवलं आणि सावकाश, एकेक अक्षर सुटं काढत सही केली. मग पेन परत देत आवाज जरा खाली आणून म्हणाले,

"बरं झालं आलीस. सकाळी माझ्या पोरानं वाचून दाखवला व्हता. पर त्यो लई घाईनं वाचत व्हता. मला जरा..."

वाक्य अर्धंच सोडून त्यांनी घराच्या दिशेने एकदा कान दिला.